कॅमेऱ्यापुरती भिंत

आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि त्यातली एकच भिंत श्रीमंत आहे. तीही सगळी नाही. खाली कमरेपर्यंत जुना चुना, वर छतापाशी जुना चुना, मधला सहा फूट बाय चार फुटांचा तुकडा तेवढा भारी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात जेवढं दिसतं, तेवढंच मी रंगवून घेतलं. रंगारी म्हणाला, "काका, एवढ्याशा तुकड्यासाठी नवा डबा फोडायचा का?" मी म्हणालो, "फोड." डबा फोडताना तो हसला. त्या हसण्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. बावीस वर्षं मी सोलापुरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. लग्नपत्रिकांपासून साखर कारखान्यांच्या अहवालांपर्यंत सगळ्यांच्या चुका काढल्या, स्वतःच्या तेवढ्या राहून गेल्या. छापखाना बंद पडला तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. या वयात कोण विचारतं? पण पुण्याच्या एका कंपनीनं विचारलं. मराठी शाळांतल्या मुलांसाठी ते ऑनलाइन धडे तयार करायचे, मी त्यांची भाषा तपासायची. तीन महिने घरून काम करून दाखवा, मग कायम घरूनच करायचं की पुण्याला यायचं ते आम्ही ठरवू, असं त्यांनी सांगितलं.

पुण्याला जाणं शक्यच नव्हतं. बायको मोहोळजवळच्या एका झेडपी शाळेत शिकवते. सकाळी एसटीनं जाते ती दिवेलागणीला परत येते. दिवसभर घरात मी आणि आई. आईनं पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. तिला पुण्याला चल म्हणालो तर म्हणाली, "तितं कुटं उनात बसायचं? तू जा की, मी ऱ्हाती हितं." एकटी कशी राहणार होती, डोंबल! म्हणजे घरूनच काम करण्याची परवानगी मिळाली तर आईजवळ राहता येणार, नाहीतर नाही. एवढा सरळ हिशेब होता.

आणि पहिल्याच कॉलला मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या मागे काय लटकतंय?"

मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड, नजर मात्र पोस्टातल्या कारकुनाची. मागे आईचं धुतलेलं लुगडं वाळत होतं. शेजारी कॅलेंडर, त्याच्या खिळ्याला गोळ्यांची पिशवी, खाली शिलाई मशीन, मशीनवर तिखटाची बरणी. मॅडम वाईट काही बोलल्या नाहीत. "पुढेमागे शाळांचे मुख्याध्यापकही कॉलवर असतील, जरा बॅकग्राउंड बघाल का?" एवढंच म्हणाल्या. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या भरात मी बोलून गेलो, "हो हो मॅडम, माझी स्टडी वेगळी आहे. तिथं सध्या रंगकाम चाललंय."

स्टडी! ज्या घरात पाहुणा आला की मी गच्चीवर झोपतो, त्या घरात स्टडी!

एकदा बोलून बसलो म्हटल्यावर स्टडी उभी करणं आलं. आधी फुकटातला उपाय करून पाहिला. सोलापुरात एक गोष्ट कधी कमी पडत नाही, ती म्हणजे चादर. लग्न, वास्तुशांत, निवृत्ती, काही असो, माणसाच्या हातात चादर पडते. आमच्या ट्रंकेत घड्या न मोडलेल्या चौदा निघाल्या. त्यातली सगळ्यात भडक, मोर आणि बारीक चौकडी असलेली, मी चार खिळे मारून भिंतीवर ताणली. आई दारात उभी राहून बघत होती.

"पांगरायची चादर भिताडाला?" ती म्हणाली. "भिताडाला थंडी वाजती का?"

"आई, हे डेकोरेशन आहे."

"आसंल बाबा."

कॉल सुरू झाला आणि त्या बारीक चौकडींनी कॅमेऱ्यात असा काही थयथयाट मांडला की विचारू नका. मी हललो की चादर नाचायची. नागपूरच्या एका सहकाऱ्यानं डोळे चोळत विचारलं, "सर, मागे पाणी वाहतंय का?" उन्हाळ्याचे दिवस, मला घाम फुटलेला, पंखा लावावा तर चादर फडफडणार. शेवटी नेट गेल्याचं सोंग करून मी कॉल बंद केला.

मग आला तो रंग. दुकानातल्या रंगांच्या तक्त्यावर त्याचं नाव इंग्रजीत फार रुबाबदार होतं. बायको संध्याकाळी शाळेतून आली, पर्स खाली ठेवली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "अहो, चुलीतल्या राखेचा रंग हा. विकत आणलात?" मी तिला सौंदर्यदृष्टीवर चार शब्द ऐकवले. तिनं ते भाकरी थापता थापता ऐकले आणि विसरूनही गेली.

रंगावर फळी ठोकली. फळीवर पुस्तकं हवीत. माझ्याकडची पुस्तकं वाचून वाचून पाठी उसवलेली, ती दाखवण्यासारखी नव्हती. रद्दीवाल्याकडे कातडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे अकरा जाडजूड ग्रंथ होते. ते आणून ओळीनं लावले. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते काय उगाच! पंधरा दिवसांनी एका मुख्याध्यापकांनी कॉलवर मोठ्या आदरानं विचारलं, "सर, गुरांच्या रोगांवर आपला अभ्यास दिसतो?" मी वळून पाहिलं. अकराही खंड जनावरांच्या डॉक्टरकीचे होते. मी म्हणालो, "वाचतो सवडीनं." बावीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या डोक्यामागची अक्षरं वाचली नव्हती.

फळीवर प्लास्टिकची वेलही होती. आई तिला रोज तांब्यानं पाणी घालायची. मी सांगितलं, आई ते खोटं आहे. ती म्हणाली, "खोटं आसलं म्हून काय झालं, घरात हाय न्हवं?"

भिंत झाली. पण भिंतीवरून जे जे उतरवलं ते जाणार कुठं? शिलाई मशीन, ट्रंक, ज्वारीचं पोतं, आईच्या पिशव्या, सगळं मी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, पलीकडच्या बाजूला सरकवलं. स्वयंपाकघरातून मोरीकडं जायची वाट नेमकी तीच होती. मधल्या मोकळ्या जागेत मी फरशीवर निळी चिकटपट्टी मारली. कॉल चालू असला की या पट्टीच्या आत कुणी यायचं नाही. कुणी म्हणजे आईनंच, दुसरं होतंच कोण! तिनं पट्टी पायानं चाचपून पाहिली.

"घरात बी बांध घातलास व्हय?" ती म्हणाली. "तुज्या चुलत्यानं बांध कोरला तवा एवडं भांडलो आपन, आन आता तू माज्याच रानात बांध घालाया लागलास."

पण पाळायची हं. कॉल लागला की ती बिचारी मशीन आणि पोत्याच्या मधून, भिंतीला धरून, आडवी आडवी होऊन मोरीकडं जायची. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो आणि मनात म्हणायचो, शाब्बास, कॅमेऱ्यात आली नाही.

आता त्या अमावास्येचं सांगतो. आमच्या घराण्यात नवं काही आलं की त्याला काजळाचं बोट लागतं. तान्हं बाळ असो, गाय असो, ट्रॅक्टर असो, पहिल्या अमावास्येला आई निरांजनावर काजळी धरते, तेलात खलते आणि बोट टेकवते. नजर लागायला नको. लहानपणी माझ्या नव्या दप्तरावरसुद्धा असा डाग होता. भिंत झाल्यावरची पहिली अमावास्या त्या दिवशी होती आणि माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. कॉलवर मॅडम, चार सहकारी, दोन मुख्याध्यापक. मी 'ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुलं का करतात' यावर अगदी रंगात येऊन बोलत होतो. तेवढ्यात पडद्यावरच्या माझ्याच चौकोनात, माझ्या खांद्यामागून आई उगवली. ठिगळाचं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, उजवं बोट काळंकुट्ट. बांध ओलांडून आली, त्या राखी रंगाच्या बरोब्बर मध्यावर तिनं बोट टेकवलं आणि कडाकडा बोटं मोडली.

"सर, कोण आहेत त्या?" मॅडमनी विचारलं.

माझी आई. चार अक्षरं पुरली असती. पण माझी स्टडी वेगळी होती ना! अकरा ग्रंथ होते, वेल होती. माझ्या तोंडून निघालं, "कामवाल्या मावशी आहेत."

कानात हेडफोन माझ्या होते, तिच्या नव्हते. मॅडमचं तिला ऐकू गेलं नाही, माझं सगळं गेलं. ती वळली. माझ्याकडं बघितलं. एक क्षण, जास्त नाही. मग पदराचं टोक कमरेतून सोडवून माझं टेबल पुसायला लागली आणि म्हणाली, "व्हय सायेब. पुसून घिती आन जाती."

कॉल संपल्यावर मी हेडफोन काढले, पण खुर्चीतून उठायची छाती होईना. आत गेलो तर ती शेंगा निवडत बसलेली. मी म्हणालो, "आई, ते तसं नव्हतं म्हणायचं मला." ती हसायलाच लागली. "आरं, मग काय म्हननार हुतास? मी हाय का आशी सायबाची आई दिसाया? ऱ्हाऊ दी. तुजी नोकरी पक्की हूं दी, मग मी परत आई हुती."

बायकोला रात्री जेवताना आईनंच गंमत म्हणून सांगितलं, नक्कल करून सांगितलं. बायको हसली नाही. "आत्याबाई, तुम्ही उठा, मी वाढते," एवढं म्हणाली आणि माझं ताट असं आपटून ठेवलं की आमटी भिंतीपर्यंत उडाली. श्रीमंत भिंतीपर्यंत. मी मुकाट्यानं फडकं घेऊन पुसली.

माझ्या निर्लज्जपणाची खरी हद्द पुढं आहे. आईला ते सोंग आवडलं. दर कॉलला ती बांधापलीकडून हाक मारायची, "सायेब, च्या ठिवू का?" मॅडम खूश. "किती गोड आहेत हो तुमच्या मावशी! नशीबवान आहात." सहकारी म्हणायचे, सरांचा थाट आहे. पहिल्या दोन वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या वेळी, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला साहेब म्हणत होतं, मग ती माझी आई का असेना. एकदा तर मी मान न वळवता "थोड्या वेळानं" असं म्हणालो. थोड्या वेळानं! तेव्हाच कुणीतरी येऊन माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती.

तीन महिने भरले. शेवटचा कॉल फक्त मॅडमचा आणि माझा होता. त्या दिवशी कळणार होतं, घर की पुणे. मी नवा शर्ट घातला, काजळाच्या डागावर फळीवरचा एक ग्रंथ कलता करून ठेवला, पंखा बंद केला. मॅडम बोलायला लागल्या, "सर, तुमचं काम आम्हाला खूप आवडलं, विशेषतः..." आणि पलीकडे धप्प आवाज झाला. पाठोपाठ बरणी फुटल्याचा.

मशीन आणि पोत्याच्या मधल्या वाटेत आई पडली होती. मला बसल्या जागेवरून तिचा पाय दिसत होता.

आता जे सांगतोय ते मी बायकोलाही पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. मी आधी माइक बंद केला, मग उठलो. आणि त्या दोन्हींच्या मध्ये मॅडमचं 'विशेषतः'पासून पुढचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबलो. मान डोलावली. हसलोसुद्धा. आई एका अक्षरानं ओरडली नाही, कारण कॉल चालू होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आज ती काठी टेकत घरभर फिरते, बांध मी विळीनं खरवडून काढला, पोतं आणि मशीन पुन्हा भिंतीपाशी आलं, हे सगळं खरं. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात स्ट्रेचरवर ती पडली होती, चेहरा पांढराफटक, आणि मी बोळाच्या दुसऱ्या टोकाला कागदांवर सह्या करत होतो. बायकोला निरोप गेला होता, ती एसटीत होती. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा, व्हिडिओ. कसा कोण जाणे, उचलला गेला.

"सर, अचानक कुठे गेलात? अहो, अभिनंदन करायचं राहिलं. घरूनच काम करायचं तुम्ही, कायमचं. पत्र आजच पाठवते." मग त्यांना माझ्यामागचा बोळ दिसला असावा. "कुठे आहात तुम्ही?"

"दवाखान्यात, मॅडम. मावशी पडल्या."

बघा! तेव्हासुद्धा जिभेवर तेच आलं. सवय झाली होती.

"अरे देवा! फार लागलंय का?" मॅडमचा आवाज खरोखरच उतरला. "तुम्ही स्वतः घेऊन आलात, केवढं चांगलं केलंत. पण सर, त्यांच्या घरी कळवलं का? या वयात लोकांच्या घरी काम करतात म्हणजे... त्यांना मुलगाबिलगा कुणी आहे का?"

बोळातून माणसं जात-येत होती, कुणीतरी मला बाजूला हो म्हणत होतं. मी म्हणालो, "हाय. मीच हाय. आई हाय ती माजी, मॅडम." तीन महिने राखलेलं शुद्ध मराठी एका वाक्यात सांडून गेलं.

मला वाटलं, गेली नोकरी, आणि गेली तर जाऊ दे. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फोन द्या त्यांच्याकडे."

मी स्ट्रेचरपाशी गेलो. आईला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. फोनमध्ये मॅडमचा चेहरा दिसताच तिनं तसल्या अवस्थेत चाचपडत डोक्यावर पदर ओढला. मी सांगायला तोंड उघडलं, "आई, मी त्यांना..." तर तिनं डोळे वटारून मला गप्प केलं. आणि दातावर दात दाबून, कळा सोसत, फोनकडं बघून म्हणाली, "काय न्हाय मॅडम, माजाच पाय घसारला. सायबाची कायबी चूक न्हाय. कामं सोडून मला दवाखान्यात घिऊन आलं बगा. कामवालीसाठी कोन करतंय एवडं? त्यास्नी नोकरीवरनं काडू नगा."

मॅडम काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. मी स्ट्रेचरचा दांडा धरून सगळ्या बोळासमोर हमसाहमशी रडत होतो आणि आई मला हातानं खुणावत होती, गप की, बगत्यात त्या.